एअरबॉक्सचा चौथा स्क्रू

दुकानदाराने खोकं माझ्यापुढे ठेवलं आणि किंमत माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाला सांगितली. त्या माणसाचा माझ्याशी काहीही संबंध नव्हता. तो हातमोजे घ्यायला आला होता. त्याने गोंधळून माझ्याकडे बघितलं, मी दुकानदाराकडे बघितलं, आणि दुकानदार त्यालाच समजावत राहिला, की सर, हा फिल्टर टाकला ना, गाडी नुसती उडते.

"गाडी माझी आहे," मी म्हणाले.

"हो का मॅडम? भारीच!" असं म्हणून तो पुन्हा त्या हातमोजेवाल्याकडे वळला. "सर, मॅडमना पिकअप एकदम जाणवेल बघा."

पिंपरीतलं ते दुकान मी त्याच क्षणी सोडायला हवं होतं. पण मला हवा असलेला माल दुसरीकडे नव्हता, आणि ज्याच्याकडे माल असतो त्याला आपला तिरस्कार करणं परवडतं, हे मी नोकरीतच शिकले आहे. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात काम करते. दिवसभर माझ्यासमोर माणसं येऊन बसतात आणि आपला माल किती उत्तम आहे ते सांगतात. त्यामुळे खोक्यावरचा मजकूर वाचून विरघळण्याची सोय माझ्यात उरलेली नाही. त्या खोक्यावर तर ज्वाळा छापल्या होत्या. आतली वस्तू इंजिनात हवा घेण्याची. तिच्यावर ज्वाळा कशाला?

माझी गाडी दोन सिलिंडरची, स्पोर्ट्स प्रकारातली, पुढे वाकून चालवायची. अशा गाडीत पेट्रोलच्या टाकीखाली एक काळा प्लास्टिकचा डबा असतो, त्याला एअरबॉक्स म्हणतात. त्यात फिल्टर असतो. फिल्टरमधून गाळलेली हवा दोन नरसाळ्यांतून खाली इंजिनात उतरते. कंपनीने दिलेली नरसाळी प्लास्टिकची आणि लांबट असतात, एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत माणसाने सुखात जावं अशा हिशोबाने केलेली. मी घेतलेली आखूड होती, अ‍ॅल्युमिनियमची, आणि सोबत कागदाऐवजी तेल लावलेल्या कापडाचा फिल्टर. याने गाडी उडत नाही. वरच्या वेगात इंजिन जरा मोकळं होतं, खालच्या वेगात जरा सुस्त होतं, आणि आवाज बदलतो. एवढंच. मला तो आवाजच हवा होता. उजव्या हाताची, वेग वाढवायची ग्रिप पिळली की टाकीखालून येणारा, छातीला लागणारा, हवा ओढल्याचा आवाज. दुकानदाराने तो शब्दही उच्चारला नाही. तो शेवटपर्यंत पिकअपच विकत राहिला.

"बसवायला कुणी आहे का मॅडम घरी?" त्याने निघताना विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "मी आहे."

हातमोजेवाला तेवढा हसला. दुकानदाराला तो विनोद वाटला असावा, कारण त्याने मला त्याच्या ओळखीच्या मेकॅनिकचं कार्ड दिलं.

रविवारी सकाळी मी पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मागच्या स्टँडवर चढवली. सीट काढली, टाकीचे बोल्ट काढले, टाकी मागून उचलून तिच्याखाली लाकडाचा ठोकळा लावला. इथवर मी एकटी होते. मग पार्किंगमध्ये हळूहळू पुरुष जमू लागले.

आमच्या सोसायटीत एखादी बाई वर्षानुवर्षं जिन्यावरून पाण्याचे जार वाहून नेत असेल तर कुणी दाराबाहेर डोकावत नाही. तिने पाना हातात घेतला, की मात्र प्रत्येकाला तिची काळजी वाटू लागते. एकाने विचारलं, गाडी बंद पडली का. दुसऱ्याने सांगितलं, बॅटरी बघा. मी काय करते आहे ते मी एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा "हो, बॅटरी" असं म्हणून टाकलं. तो समाधानाने निघून गेला. सल्ला दिला की अशा माणसांचं काम होतं. गाडीचं काय झालं ते विचारायला तो आजतागायत आलेला नाही.

दोघे मात्र थांबले.

एक आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. पंचावन्नच्या आसपासचे, रविवारी गुडघ्याखाली येणारी खिशाखिशांची पँट घालणारे. मोटारी बनवणाऱ्या एका कारखान्यात ते नोकरीला आहेत आणि प्रत्येक वाक्य "आमच्या प्लँटमध्ये" असं सुरू करतात. प्लँटमध्ये त्यांच्याकडे कँटीन आणि कामगारांच्या बसगाड्या आहेत, हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं होतं. कँटीन चालवणं सोपं नाही, आणि त्यांनी कँटीनविषयी काही सांगितलं असतं तर मी आदराने ऐकलं असतं. पण ते कायम इंजिनांविषयीच बोलत.

दुसरा आमच्याच मजल्यावरचा आयटीतला मुलगा. मुलगा म्हणजे तिशीचा बाप्या. त्याच्याकडे माझ्यासारखीच गाडी आहे, रंग तेवढा वेगळा. दूध आणायला जातानासुद्धा तो गुडघ्यांना पॅड लावतो. गाडीच्या चेनला तेल घालायलाही त्याने कधी हात लावलेला नाही. सर्व्हिसिंगवाले येऊन गाडी नेतात आणि धुऊन पुसून आणून देतात.

"ताई, हे स्वतः करायचं नसतं," तो म्हणाला. "वॉरंटी जाते."

"वॉरंटी संपली माझी."

"तरी पण."

"तरी पण काय?"

सेक्रेटरी पुढे झाले. "मॅडम, आमच्या प्लँटमध्ये अशा कामाला क्लीन रूम असते. धूळ जाता कामा नये. चुकून काही आत पडलं तर इंजिन खलास."

ही एक गोष्ट ते बरोबर बोलले, आणि पुढे जे झालं ते पाहता त्यांनी ती बोलायला नको होती.

मी एअरबॉक्सचं झाकण उघडलं, जुना फिल्टर काढला. तो चाकणच्या रस्त्याच्या धुळीने करडा झालेला होता. मग आतली दोन नरसाळी सोडवली. ती एकूण चार स्क्रूंवर बसतात. चारही स्क्रू मी घरून आणलेल्या स्टीलच्या वाटीत टाकले. खाली आता इंजिनाचे दोन घसे उघडे पडले, अंगठा सहज जाईल एवढे. मी त्यांत दोन स्वच्छ पिवळी फडकी बोळे करून घट्ट बसवली.

"या फडक्यांना हात लावू नका," मी दोघांना सांगितलं आणि वर गेले. बारीक टोकाची पक्कड आणायची होती.

घरी आईने पोहे पुढे ठेवले. आई बीडकडची, बाबांच्या नोकरीपायी भोसरीला आली त्याला माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली, पण तिची बोली तिने तिकडून आणली तशीच ठेवली आहे.

"खाऊन जा की. इंजन काय पळून जायलंय?"

"खाली दोघे उभे आहेत गं."

"मग तर खाऊनच जा. बिनकामाची माणसं हायेत, उभी ऱ्हातील."

मी खाल्लं. ती चूक नव्हे. ज्या घरात पोहे गरम असतात त्या घरातल्या माणसाने ते गरमच खावेत असं माझं मत आहे. चूक त्यांची, की दोन फडक्यांपासून हात लांब ठेवणं या दोन शिकलेल्या माणसांना पोहे खाऊन होईपर्यंतही जमलं नाही.

खाली आले तर एक फडकं सीटवर आणि दुसरं जमिनीवर, धुळीत. आयटीवाला गाडीची ग्रिप पिळत होता आणि सेक्रेटरी चष्मा कपाळावर चढवून, मोबाइलच्या उजेडात इंजिनाच्या घशात बघत होते.

"हं, उघडली बघ झडप. सोड. आता परत पिळ," ते म्हणत होते. "आमच्या प्लँटमध्ये हेच सगळं सेन्सरवर असतं."

"फडकी कुणी काढली?"

दोघे सरळ झाले. "बघत होतो फक्त," सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही काय केलंय ते तपासलेलं बरं, म्हणून."

मी वाटीत पाहिलं. तीन स्क्रू होते.

वाटी मी हातात घेऊन फिरवली. खाली वाकून पाहिलं, गाडीखाली, स्टँडखाली, सेक्रेटरींच्या चपलेपाशी. "एक स्क्रू कुठे गेला?"

"तीनच होते," सेक्रेटरी म्हणाले.

"चार होते. मी काढलेत."

"मॅडम, मोजताना होतं असं. आमच्याकडे इन्स्पेक्शनला बसलेल्या मुलींचंसुद्धा होतं."

त्यांच्या इन्स्पेक्शनच्या मुली त्यांच्या कँटीनमध्ये जेवत असतील एवढाच त्यांचा संबंध. मी जुनं नरसाळं उचलून त्यांच्या नाकासमोर धरलं. "यात भोकं दोन. त्या दुसऱ्यात भोकं दोन. तीन स्क्रूंवर हे कसं बसतं ते दाखवा."

ते नरसाळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा बघितलं, जणू चष्म्यातून एक भोक कमी दिसेल.

आयटीवाल्याने तोंड उघडलं. "ताई, मघाशी टिक असा काहीतरी आवाज आला होता."

"कसला आवाज?"

"म्हणजे... ऐकल्यासारखं वाटलं. आत."

गाडी केबलची आहे, ग्रिप थेट झडपेला जोडलेली. ग्रिप पिळली की आतली झडप सताड उघडते. झडप बंद असती तर पडलेला स्क्रू तिच्यावरच थांबला असता आणि मी दोन बोटांनी उचलला असता. पण या शहाण्याने ग्रिप पिळून झडप उघडी धरली होती. मग तो स्क्रू खाली, इंजिनाच्या तोंडाशी, कदाचित आतच गेला असणार. अशा अवस्थेत इंजिन सुरू केलं तर काय उरेल ते सांगायची गरज नाही.

"एकदा स्टार्ट मारून बघा ना," सेक्रेटरी म्हणाले. "असलाच तर सायलेन्सरमधून बाहेर फेकला जाईल."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते गंभीर होते. त्यांना खरोखर असं वाटत होतं, की लोखंडी स्क्रू इंजिनात एका बाजूने शिरतो आणि आलेल्या पाहुण्यासारखा दुसऱ्या बाजूने निघून जातो.

"सर," मी म्हणाले, "तुम्ही घरी जा."

ते गेले. जाताना त्यांचा चेहरा अपमान झालेल्या माणसाचा होता.

मी वर जाऊन फ्रिजवरचा चुंबक काढला. तुळजापूरहून आणलेला, देवीचा फोटो असलेला. आई मागोमाग दारापर्यंत आली. "देवीला इंजनात घालायलीस व्हय?"

"नाही गं. उरलेले स्क्रू चिकटतात का ते बघायचंय. चिकटले तर आतला चुंबकाने काढता येईल."

"कुणी पाडला?"

"माहीत नाही. दोघांपैकी कुणीतरी."

"चल, मी बसते तिथं," ती म्हणाली आणि प्लास्टिकची खुर्ची उचलून लिफ्टकडे निघाली.

स्क्रू चिकटले. आता लांब दांडीचा, रेडिओच्या एरियलसारखा उघडणारा चुंबक हवा होता. आमच्या भागातल्या हार्डवेअरच्या दुकानांत सोनेरी नळ आणि झुंबरं मिळतात. चुंबकाची दांडी मागितल्यावर एकाने मला फ्रिजवर लावायची फळं दाखवली. शेवटी आईची स्कूटर घेऊन मी भोसरीला गेले. तिथे तो पहिल्याच दुकानात मिळाला.

रस्त्यात सिग्नलला फोन वाजला म्हणून पाहिलं. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा संदेश होता. सर्व सदस्यांना नम्र विनंती, की पार्किंग ही सामायिक जागा असून तिथे वाहनांची दुरुस्ती, ऑइल सांडणे तसेच ज्वलनशील कामे करू नयेत. सुरक्षिततेच्या दृष्टीने सहकार्य करावे. खाली बॅटरीवाल्या शेजाऱ्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. सकाळी त्याच जागेवर उभं राहून हे गृहस्थ मला क्लीन रूमचे धडे देत होते. माणूस सल्लागाराचा पोलिस इतक्या लवकर होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

परत आले तर आई गाडीपाशी खुर्ची टाकून बसली होती आणि तिच्यासमोर आयटीवाला उभा होता. त्याची शाळा चालू होती.

"खरं सांग. तुझ्या हातातून पडला का त्याच्या?"

"काकू, मी वाटीला हातच नाही लावला. काकांनी एक स्क्रू उचलला होता बघायला. स्टेनलेस आहे का म्हणून. मग त्यांना फोन आला."

"मग ठेवला का वाटीत?"

"ते नाही बघितलं. मी ग्रिप पिळत होतो."

"कुणी सांगितलं होतं पिळायला?"

"काकांनी."

"आन् फडकं कुणी काढलं?"

त्याने वरच्या मजल्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "एक मी काढलं. एक त्यांनी." आईने माझ्याकडे बघून हात झटकला. एका फडक्याची जबाबदारी घेतल्याबद्दल त्याला शाबासकी हवी होती की काय, कोण जाणे. तो थोडा वेळ घुटमळला आणि मग काम आहे म्हणून वर गेला.

मी उजव्या घशात चुंबक सोडला, झडप हाताने उघडी धरून खाली नेला, फिरवला, वर घेतला. काही नाही. डाव्या घशात सोडला. काही नाही. ऊन पार्किंगच्या खांबांवरून सरकत गेलं. आई मधे जाऊन भाकऱ्या करून आली, मी जेवून आले, पुन्हा वाकले. मान आखडली, कोपराला ग्रीस लागलं, आणि चुंबक प्रत्येक वेळी रिकामा वर आला. काही न सापडणं हे सापडण्यापेक्षा वाईट होतं. स्क्रू आत नाही असं त्यातून सिद्ध होत नव्हतं; चुंबक पोहोचणार नाही इतका तो खोल आहे, असाही त्याचा अर्थ होता.

संध्याकाळी मी दोन्ही घसे नव्या फडक्यांनी बंद केले, टाकी वर ठेवली आणि गाडीवर कव्हर घातलं. इंजिनाच्या घशात सोडायचा बारीक कॅमेरा मागवला. तो आठवड्याच्या मधल्या एका संध्याकाळी आला. त्यातून मला आतल्या भिंती, काळसर तेलकट थर आणि झडपेची कड दिसली. स्क्रू दिसला नाही. पुढची पायरी म्हणजे इंजिनाचं डोकं उघडणं. तेवढं काम माझ्या आवाक्याबाहेरचं होतं, आणि ते मेकॅनिककडे द्यावं लागणार हे ठरल्यावर मला त्या दोघांचा नव्याने राग आला.

तो आठवडा मी कंपनीच्या बसने चाकणला गेले. भल्या सकाळी बस नाक्यावर यायची, आत सगळे झोपलेले, पुढे ट्रकच्या रांगेत उभं राहायचं. आयटीवाला मला एकदा नाक्यावर भेटला. हेल्मेटची काच वर करून म्हणाला, "ताई, आमच्या ग्रुपमध्ये विचारलं मी. सगळे म्हणाले, बाहेरून करून घ्यायला हवं होतं." त्याने ग्रुपमध्ये काय सांगितलं असेल ते मला स्पष्ट दिसत होतं. एक ताई होत्या, त्यांनी स्वतः करायला घेतलं, आणि स्क्रू पाडला. ग्रिप पिळणारा त्या गोष्टीत नसणार.

आठवड्याच्या शेवटाकडे, कामावरून येताना, लिफ्टमध्ये सेक्रेटरींच्या पत्नी भेटल्या. त्यांना मी वहिनी म्हणते. कमी बोलणाऱ्या, अंगाने बारीक, खांद्यावर कायम कापडी पिशवी. लिफ्टचं दार बंद झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक छोटी पुडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"हा तुझा का गं?"

कागदात स्क्रू होता.

मी तो बोटांत फिरवून बघितला. त्यांनीच सांगितलं. "यांच्या पँटच्या खिशात होता. रविवारी दुपारी किल्ली काढताना पडला. मी विचारलं, हे काय. म्हणाले, खालच्या गाडीचा असेल. मी म्हटलं, मग जा, देऊन या. तर म्हणाले, आता कशाला, टाकून दे."

"रविवारी दुपारी?"

"हो. तू वाकून शोधत होतीस तेव्हाच. आमच्या गॅलरीतून दिसत होतीस."

मजला आला. दार उघडलं, आम्ही दोघी आतच उभ्या राहिलो, दार पुन्हा बंद झालं.

"मी टाकला नाही," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, स्वतः नेऊन देतील. रोज वाट बघितली. आज म्हटलं, पुरे." मग म्हणाल्या, "त्यांना सांगायचं तर सांग. मी दिला म्हणून सांग. मला काही नाही त्याचं."

मी घरी जाऊन स्क्रू ओट्यावर ठेवला. आयटीवाल्याने ऐकलेली टिक मिटणाऱ्या झडपेचीच असणार. आईने पोळी लाटता लाटता सगळं ऐकलं. "माणूस वर बसून बघत व्हता?" तिने विचारलं. "तू दिवसभर खाली वाकली आन् त्यो वर बसून बघत व्हता?" तिने ती पोळी इतकी लाटली की ती फाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी फाटकाजवळ त्यांच्या प्लँटच्या गाडीची वाट बघत उभे होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"सर, स्क्रू मिळाला."

"अरे वा! कुठे?"

"तुमच्या खिशात. वहिनींनी दिला."

आता तरी काही होईल असं मला वाटलं होतं. चेहरा पडेल, नजर वळेल, निदान कानाच्या पाळ्या लाल होतील. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघा!" ते म्हणाले. "म्हणजे इंजिनात गेलाच नव्हता! मी तुम्हाला तेव्हाच सांगत होतो मॅडम, स्टार्ट मारा म्हणून. तुम्ही उगाच घाबरलात."

त्यांची गाडी आली. ते बसले आणि काचेतून मला हात केला. मी तिथेच उभी. आजवर मी चाकणला बसून खोटं बोलणारे अनेक पाहिले आहेत; निकृष्ट माल खपवणारे, तारखा चुकवणारे, आपल्या चुकीवर दुसऱ्याचा शिक्का मारणारे. पण पकडले गेल्यावर ते निदान पाणी मागतात. हे असं पहिल्यांदाच बघत होते. माझी कंपनीची बस मात्र त्या नादात चुकली.

पुढच्या रविवारी मी गाडी मुद्दाम सूचनाफलकाच्या खालीच लावली, जिथे दुरुस्तीबंदीची नोटीस चिकटवली होती, आणि टाकी उचलली. या खेपेला कुणी आलं नाही. पुरुषमंडळी लांबून, कामं असल्यासारखी, आपापल्या मोटारींकडे गेली. थोड्या वेळाने वहिनी आल्या.

"काही धरायचं असलं तर धरते," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या हातात टॉर्च दिला. त्यांनी तो मी सांगेन तिथे धरला. हे काय, ते काय, असं त्यांनी विचारलं नाही. मी फडकी काढली, अ‍ॅल्युमिनियमची नरसाळी बसवली, चार स्क्रू आवळले, कापडी फिल्टर दाबून बसवला, झाकण लावलं. टाकी खाली आली, बोल्ट बसले. मी किल्ली फिरवली आणि हात थांबला. स्क्रू सापडला होता, आत काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी हात थांबला. ही देणगी त्या दोघांची.

मग बटण दाबलं. इंजिन सुरू झालं, स्वच्छ, कसलीही कुरकुर नाही. मी ग्रिप थोडी पिळली. टाकीखालून तो आवाज आला, खोल, घशातला, हवा खेचल्याचा. वहिनींनी दचकून टॉर्च छातीशी धरला.

"हेच का ते?" त्यांनी विचारलं.

"हेच."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी. मग आवाज न चढवता म्हणाल्या, "मला एकदा मागे बसवशील? दिघीला बहीण आहे माझी. हे नेतात, पण यांच्या मोटारीत रस्ता कळत नाही, यांचं बोलणंच कळतं."

त्या गाडीची मागची सीट म्हणजे उंचावर ठेवलेली पाटी. सलवार-कमीज घातलेल्या पन्नाशीच्या बाईला तिच्यावर चढवणं हे फिल्टर बसवण्यापेक्षा अवघड काम होतं. आईने वर गॅलरीतून सूचना दिल्या. त्या सगळ्या चुकीच्या होत्या, पण त्या आईच्या होत्या. माझं जुनं हेल्मेट वहिनींना मोठं झालं. त्यांनी पट्टा आवळला आणि माझ्या कमरेला धरलं.

भोसरीपर्यंत गर्दीत गाडी जरा सुस्तच वाटली. आखूड नरसाळ्यांचं ते देणं आहे. दुकानदाराने हे सांगितलं नव्हतं, ज्वाळांच्या खोक्यावरही ते नव्हतं. पण पुढे दिघीकडे, जिथे एका बाजूला लष्कराच्या जमिनीची भिंत लागते आणि रस्ता थोडा मोकळा होतो, तिथे मी ग्रिप पिळली. इंजिन वर चढलं, टाकीखालचा आवाज हेल्मेटमध्ये भरला, आणि मागून माझ्या खांद्यावर दोन जोरदार थापा बसल्या. मी घाबरून वेग कमी केला.

"काय झालं वहिनी?"

"कमी का केलास?" त्या ओरडल्या. "परत कर!"

मी परत केलं. बहिणीकडे आम्ही चहा घेतला. बहिणीने वहिनींकडे बघून दोनदा विचारलं, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना. वहिनी हसत होत्या, केस हेल्मेटने चपटे झालेले.

परत आलो तेव्हा सेक्रेटरी फाटकापाशी वॉचमनला काहीतरी समजावत उभे होते. आम्हाला बघून बोलायचे थांबले. वहिनी माझ्या खांद्याला धरून सावकाश उतरल्या.

"कुठे गेला होतात?" त्यांनी विचारलं.

"दिघीला," वहिनी म्हणाल्या.

"या गाडीवर?" त्यांनी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुरक्षिततेची काळजी आली. "मॅडम, निदान हेल्मेट तरी दिलंत ना हिला?"

हेल्मेट वहिनींच्या डोक्यावरच होतं. त्यांनी ते काढण्याची घाई केली नाही. काच खाली ओढली आणि तशाच लिफ्टकडे चालू लागल्या.